पिवळी बस, एकटा चालक

अमेरिकेत शाळेची बस चालवायची असेल तर जड वाहनाच्या परवान्याखेरीज शाळेच्या बससाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते. मुलांची चढउतार होत असताना आरशात कुठे आणि केव्हा पाहायचे, रेल्वेचे फाटक कसे ओलांडायचे, आग लागली तर बस कशी रिकामी करायची, हा चालकांच्या शिक्षणाचा परंपरागत भाग. गेल्या दोन दशकांत अनेक ठिकाणी त्यात एका नव्या धड्याची भर पडली आहे. हातात बंदूक घेतलेला माणूस बसच्या पायरीवर उभा राहिला तर काय करायचे, हा तो धडा. सकाळी दोन-तीन तास आणि दुपारी दोन-तीन तास काम करणाऱ्या, पुष्कळदा निवृत्तीच्या वयाला टेकलेल्या आणि बेताच्या पगारावर राबणाऱ्या माणसाकडून ही अपेक्षा ठेवावी का, आणि ठेवायचीच तर कितपत, हा प्रश्न मात्र त्या धड्याच्या बाहेरच राहतो.

या धड्यामागे तीन घटनांची छाया आहे. एप्रिल १९९९ मध्ये कोलोरॅडोतील कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी केलेल्या गोळीबाराने शाळा ही सुरक्षित जागा असते हा समज मोडला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनी रोजच्या वापरातील वाहन हेच शस्त्र होऊ शकते हे दाखवले. आणि सप्टेंबर २००४ मध्ये रशियातील बेसलान येथे दहशतवाद्यांनी शाळाच ओलीस धरली; तीन दिवसांच्या त्या थरारात ३३० हून अधिक जण मरण पावले, त्यांत निम्म्याहून अधिक मुले होती. अमेरिकेत रोज सुमारे पावणेपाच लाख पिवळ्या बस रस्त्यावर उतरतात, असा या व्यवसायातील संघटनांचा नेहमीचा अंदाज. प्रत्येक बसचा मार्ग ठरलेला, थांबे ठरलेले, वेळ मिनिटाबरहुकूम ठरलेली. सुरक्षा यंत्रणांची नजर तिच्यावर गेली नसती तरच नवल.

त्या सुमारास अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याच्या पैशातून मालमोटार चालकांसाठी 'हायवे वॉच' ही योजना सुरू होती. तिचीच एक शाखा 'स्कूल बस वॉच' या नावाने शाळेच्या बसचालकांपर्यंत नेण्यात आली. २००७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ९/११ आयोगाच्या शिफारशींवर आधारित जो कायदा संमत केला, त्यात शाळेच्या बस व्यवस्थेला असलेल्या दहशतवादी धोक्याचा अभ्यास करण्याची तरतूद होती. 'हायवे वॉच' पुढे बंद पडली आणि तिची जागा 'फर्स्ट ऑब्झर्व्हर' या योजनेने घेतली. या साऱ्या शिक्षणाचा गाभा तीन शब्दांत मावतो : पाहा, अंदाज घ्या, कळवा. रोज त्याच कोपऱ्यावर उभी असलेली अनोळखी गाडी, थांब्याचे छायाचित्र घेणारा माणूस, बसखाली बांधलेले काही, हे चालकाच्या नजरेला पडावे आणि त्याने ते वर कळवावे, एवढीच अपेक्षा. चालक म्हणजे सरकारचे डोळे. ही कल्पना वाजवी होती आणि स्वस्तही. पण ती हल्ल्याच्या आधीच्या वेळेपुरती होती. प्रत्यक्ष प्रसंग दारात आल्यावर काय, याचे उत्तर तिच्यात नव्हते.

लपायला जागा नाही

शाळांसाठी आणि कार्यालयांसाठी अमेरिकेने एक सूत्र तयार केले आहे. २०१२ मध्ये ह्यूस्टन शहराने काढलेल्या एका चित्रफितीतून ते घरोघरी पोहोचले : पळा, लपा आणि अगदीच इलाज उरला नाही तर लढा. वर्गखोलीला हे सूत्र कसेबसे लागू पडते. दार आतून लावता येते, बाके आडवी घालता येतात, खिडकीतून उडी मारता येते. बसमध्ये यातले काहीच धड जमत नाही.

शाळेच्या बसची रचना अपघाताचा विचार करून झाली आहे, गोळीचा नाही. १९७७ पासून लागू असलेल्या अमेरिकी नियमांनुसार बाकांच्या पाठी उंच आणि गुबगुबीत असतात. टक्कर झाली तर मूल पुढच्या पाठीवर आपटून तिथेच अडकावे, फेकले जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. त्या पाठी गोळी अडवत नाहीत. बसच्या अंगाचा पत्राही अडवत नाही. भरवशाचा आडोसा म्हणावा असा समोरच्या इंजिनाचा तेवढा, आणि तिथे मुलांना नेता येत नाही. खिडक्या मुलांच्या डोक्याच्या उंचीला. मागचे संकटकालीन दार आतून तसेच बाहेरूनही उघडता आले पाहिजे, असा नियम आहे. बस उलटली, पेटली, तर बाहेरच्या माणसांना मुले काढता यावीत म्हणून. अग्निशमन दलाच्या दृष्टीने हा नियम अगदी योग्य. मात्र जे दार मदतीला येणाऱ्याला उघडते, ते वाईट हेतूने येणाऱ्यालाही उघडते.

आणि या साऱ्यात चालक बसतो तो मुलांकडे पाठ करून. त्याचे दोन्ही हात चाकावर, कमरेला पट्टा, मागचे सारे जग एका लांबट आरशात. शाळेतल्या शिक्षकाला निदान शेजारच्या वर्गात दुसरा शिक्षक असतो. सर्वसाधारण मार्गावरील अमेरिकी बसमध्ये चालकाखेरीज मोठे माणूसच नसते. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या बसमध्ये मदतनीस दिला जातो, इतरांना सहसा नाही.

चालकाला बंदूक द्यावी, अशी सूचना त्या देशात अधूनमधून होते. शिक्षकांना बंदुका देण्याच्या वादाचेच ते शेपूट. चालत्या वाहनात, पाठीमागे चाळीस-पन्नास मुले असताना, चाक सोडून कमरेची बंदूक काढणारा चालक नेमके काय साधेल, याचे उत्तर ती सूचना करणाऱ्यांनी दिलेले नाही.

चाउचिलाचे सत्तावीस जण

शाळेच्या बसवरील सशस्त्र हल्ल्याची चर्चा अमेरिकेत एका गावाच्या नावाशिवाय पुरी होत नाही. कॅलिफोर्नियातील चाउचिला हे शेतीवर जगणारे छोटे गाव. १५ जुलै १९७६ च्या दुपारी उन्हाळी शाळेतली २६ मुले पोहून परत येत होती. बस चालवत होते एड रे. अरुंद रस्त्यावर एक व्हॅन आडवी उभी दिसली. बंद पडली असेल असे समजून रे यांनी बस हळू केली आणि डोक्यावर मोजे ओढलेले तीन बंदूकधारी पुढे आले. त्यांनी बस एका कोरड्या ओढ्याच्या पात्रात, बांबूच्या बेटात नेऊन लपवली. चालक आणि मुले यांना खिडक्या बंद केलेल्या दोन व्हॅनमध्ये कोंबले आणि सुमारे अकरा तास फिरवून लिव्हरमोरजवळच्या एका दगडाच्या खाणीत नेले. तिथे जमिनीत पुरून ठेवलेल्या एका मोठ्या ट्रकच्या डब्यात या सत्तावीस जणांना उतरवले आणि वरून माती लोटली.

डब्यात काही गाद्या होत्या, थोडे खाणे, थोडे पाणी. छत खचू लागले. रे आणि मोठ्या मुलांनी गाद्यांची चळत रचली, तिच्यावर चढून तोंडावरचे लोखंडी झाकण रेटले. झाकणावर अपहरणकर्त्यांनी ट्रकच्या जड बॅटऱ्या ठेवल्या होत्या. जमिनीखाली सुमारे सोळा तास काढल्यावर सगळे बाहेर आले. सगळे जिवंत. अपहरणकर्त्यांना ५० लाख डॉलर हवे होते. पण काळजीने आणि चौकशीने गावच्या पोलीस ठाण्याचे फोन इतके अडकून पडले होते की खंडणीचा फोन लागलाच नाही. पुढे संमोहनाखाली रे यांना एका व्हॅनच्या नंबरपाटीवरील जवळजवळ सर्व आकडे आठवले आणि तपासाला त्याची मदत झाली. पकडले गेलेले तिघे सुखवस्तू घरांतले तरुण निघाले. त्यांतला एक खाणमालकाचाच मुलगा होता.

एड रे यांना असे काही शिकवण्याचा प्रश्नच नव्हता. त्या काळी तसा धडाच अस्तित्वात नव्हता. त्यांनी जे केले त्याची फोड केली तर मात्र आजच्या प्रशिक्षणातले अर्धेअधिक मुद्दे त्यात सापडतात. बंदूक रोखली गेल्यावर त्यांनी प्रतिकार केला नाही. मुलांपासून स्वतःला वेगळे होऊ दिले नाही. मुलांना शांत ठेवले, मोठ्यांना कामाला लावले. डोळे उघडे ठेवले. आणि बाहेर पडण्याची संधी दिसली तेव्हा, छत कोसळण्याच्या भीतीने मुले गळाठली असतानाही, काम सोडले नाही. २०१२ मध्ये वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले तेव्हा ती बालके पन्नाशीकडे झुकली होती.

या प्रकरणाचा शेवट सुखाचा म्हणून सांगितला जातो. बालमानसोपचारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी या मुलांचा काही वर्षे पाठपुरावा केला. मुलांवरील मानसिक आघाताच्या अभ्यासात त्यांचे हे काम आजही पायाभूत मानले जाते. एकही मूल आघातातून अलिप्त सुटलेले नाही, असे त्यांना आढळले. दुःस्वप्ने, अंधाराची भीती, अनोळखी गाडी दिसताच उडणारी गाळण, हे सारे चार वर्षांनीही कायम होते. हल्ला संपला की प्रसंग संपतो, ही समजूत तेव्हाच खोटी ठरली होती. तरीही प्रशिक्षणाच्या बहुतेक आराखड्यांत नंतरच्या काळाला शेवटचे एखादे पान मिळते.

दोन प्रसंग, दोन शेवट

२९ जानेवारी २०१३. अलाबामा राज्यातील मिडलंड सिटी. दुपारी मुलांना घरी सोडणाऱ्या बसमध्ये एक सशस्त्र माणूस चढला आणि त्याने चालकाकडे दोन लहान मुले मागितली. चालक चार्ल्स पोलंड यांचे वय ६६. त्यांनी मुले देण्यास नकार दिला आणि ते मधल्या वाटेत आडवे झाले. हल्लेखोराने त्यांच्यावर अनेक गोळ्या झाडल्या. त्या अवधीत बसमधील वीसहून अधिक मुले मागच्या दाराने निसटली. हल्लेखोराच्या हाती पाच वर्षांचा एक मुलगा लागला. त्याला जमिनीखालच्या खंदकात सहा दिवस डांबून ठेवण्यात आले. ४ फेब्रुवारीला एफबीआयच्या पथकाने खंदकात घुसून मुलाला सोडवले. हल्लेखोर मारला गेला. पोलंड यांच्या नावाने अलाबामाने त्याच वर्षी कायदा केला. विनापरवानगी शाळेच्या बसमध्ये शिरणे वा सांगूनही खाली न उतरणे हा त्यामुळे तिथे स्वतंत्र गुन्हा ठरला.

दुसरा प्रसंग ६ मे २०२१ चा. दक्षिण कॅरोलिनातील फोर्ट जॅक्सन या लष्करी तळावरून एक प्रशिक्षणार्थी सैनिक रायफल घेऊन पळाला. थांब्यावर मुले चढत असताना तो बसमध्ये शिरला आणि पुढच्या गावी नेण्यास त्याने चालकाला सांगितले. बसमध्ये प्राथमिक शाळेतली १८ मुले होती. चालकाने वाद घातला नाही, आवाज चढवला नाही, गाडी चालवत राहिला. सैनिकाने मुलांना पुढच्या बाकांवर आणून बसवले आणि तिथे त्याचा हिशेब चुकला. बालवाडीतल्या मुलांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. तुम्ही सैनिक आहात का? हे का करता आहात? आम्हाला मारणार आहात का? आमच्या ड्रायव्हरला मारणार आहात का? बालवाडीच्या वर्गाची सवय नसलेल्या माणसाचा या माऱ्यापुढे टिकाव लागणे अवघडच. काही मैलांवर त्याने बस थांबवायला लावली आणि मुलांसह चालकाला उतरवून दिले. सारा प्रकार सुमारे सहा मिनिटांचा. रायफलीत गोळ्या नव्हत्या, हे नंतर कळले. चालकाला त्या वेळी ते कळण्याचा मार्ग नव्हता.

एका चालकाने नकार दिला आणि तो मेला. दुसऱ्याने ऐकले आणि सगळे वाचले. यावरून ऐकणे बरोबर आणि नकार देणे चूक, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो फसवा आहे. अलाबामाच्या हल्लेखोराला मुलेच हवी होती. त्याचे ऐकणे म्हणजे मुले त्याच्या स्वाधीन करणे. दक्षिण कॅरोलिनातील सैनिकाला गाडी हवी होती, मुले त्याला अडचणच होती. समोरच्याला नेमके काय हवे आहे हे ओळखणे, तेही पहिल्या काही क्षणांत, हे चालकापुढचे खरे काम होते आणि दोघांनीही ते अचूक केले. पोलंड यांच्या नकाराने बाकीच्या मुलांना मागच्या दारापर्यंत पोहोचायला जे क्षण मिळाले, ते दुसऱ्या कोणत्या मार्गाने मिळाले असते हे सांगणे कठीण आहे.

या दोन घटनांत समान आहे ती चालकांची मुलांशी असलेली ओळख. सवय, धाक, माया, काहीही म्हणा. मागचे दार कसे उघडायचे हे मिडलंड सिटीच्या मुलांना ठाऊक होते, कारण संकटकाळी बस रिकामी करण्याची तालीम अमेरिकेत मुलांकडून करून घेतली जाते. ती तालीम आगीसाठी होती. कामी आली गोळीबारात.

शिकवता येते ते

मग शिकवण्यासारखे काय उरते? बरेच उरते. मात्र ते दिसायला अगदी किरकोळ आहे.

सर्वात मोठी गोष्ट दाराची. बसचे पुढचे दार चालकाच्या हातात असते आणि प्रत्येक थांब्यावर ते केव्हा उघडायचे हे तोच ठरवतो. थांब्यावर अनोळखी मोठा माणूस असेल तर दार बंद ठेवून खिडकीतून बोलायचे, पायरीवर पाय ठेवू द्यायचा नाही, शंका आली तर थांबा चुकवून पुढे जायचे आणि मुलांच्या घरी कळवण्यास सांगायचे. ही एवढी मोकळीक चालकाला लेखी मिळाली पाहिजे. थांबा चुकवला म्हणून पालकांनी तक्रार केली आणि चालकाला दुसऱ्या दिवशी जाब द्यावा लागला, तर तिसऱ्या दिवशी तो दार उघडणारच.

त्यानंतर गती. वर्गखोली पळू शकत नाही, बस पळू शकते. बाहेरून गोळीबार होत असेल तर थांबून मुलांना लपवण्यापेक्षा त्यांना खाली वाकायला सांगून तिथून निघून जाणे हा बहुधा शहाणपणाचा मार्ग. त्यासाठी पुढच्या गाडीला चिकटून उभे न राहण्याची सवय लागते. पुढे निसटायला जागा ठेवावी लागते. जानेवारी २०१८ मध्ये हरियाणातील गुरुग्राम येथे 'पद्मावत' चित्रपटाला विरोध करणाऱ्या जमावाने शाळेच्या एका बसवर दगडफेक केली, तेव्हा चालकाने बस थांबवली नाही आणि मुलांना आसनांच्या मध्ये बसवण्यात आले. तिथे शस्त्र दगडाचे होते, तत्त्व तेच.

मागच्या बाजूकडे लक्ष ठेवणे हीदेखील शिकण्याची गोष्ट आहे. ९ ऑक्टोबर २०१२ रोजी पाकिस्तानातील स्वात खोऱ्यात मलाला युसुफझाई हिच्या शाळेची गाडी अडवली गेली तेव्हा एक तरुण समोर येऊन चालकाला शाळेविषयी विचारू लागला आणि दुसरा मागून चढला. समोरचा प्रश्न हे निमित्त होते. त्या चालकाला हल्ला टाळता आला नाही. पण गोळ्या झाडल्या गेल्यावर त्याने क्षणाचा विलंब न करता गाडी थेट रुग्णालयात नेली. मलाला आणि तिच्या दोन जखमी मैत्रिणी वाचल्या, त्यात या धावपळीचा वाटा होता.

चालक हा प्रसंगी रुग्णवाहिकेचाही चालक होतो, हे टेक्सासमधील युवाल्डी येथे पुन्हा दिसले. २४ मे २०२२ च्या त्या हत्याकांडानंतर काही जखमी मुलांना शाळेच्या बसमधूनच रुग्णालयाकडे नेण्यात आले. रक्तस्राव थांबवण्यासाठी पट्टा कसा आवळायचा हे अमेरिकेत २०१५ पासून 'स्टॉप द ब्लीड' या मोहिमेतून सर्वसामान्यांना शिकवले जाते. एका दुपारचे शिक्षण. चालकांच्या बाबतीत कुठल्याही शस्त्रापेक्षा ते अधिक उपयोगी पडेल.

आणखी एक बाब अप्रिय, पण टाळण्याजोगी नाही. २० मार्च २०१९ रोजी इटलीत मिलानजवळ ५१ शालेय मुलांची बस पळवली ती खुद्द चालकानेच. त्याने बसमध्ये पेट्रोल ओतले, मुलांचे फोन काढून घेतले. एका मुलाच्या फोनवरून बाहेर वार्ता गेली, पोलिसांनी मागच्या काचा फोडून मुलांना बाहेर काढले आणि नंतर बस पेटली. सगळी मुले वाचली. चालकाची पूर्वीची शिक्षेची नोंद होती, हे त्यानंतर उजेडात आले. प्रशिक्षणाआधी पडताळणी, हा क्रम इटलीने फार मोठी किंमत न मोजता शिकला, एवढेच म्हणता येईल.

शिकवून न साधणारेही पुष्कळ आहे. एप्रिल २०११ मध्ये गाझा पट्टीतून डागलेले रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र इस्रायलमध्ये शाळेच्या बसवर आदळले आणि एक विद्यार्थी मरण पावला. मे २०२५ मध्ये बलुचिस्तानातील खुजदार येथे शाळेच्या बसवर आत्मघाती हल्ला झाला; त्यातही मुले बळी पडली. तिथे चालकाच्या कौशल्याला वावच नव्हता. इस्रायलने सीमेलगत चिलखती बस, सहलींसोबत सशस्त्र रक्षक असे मार्ग अवलंबले. ते सततच्या युद्धछायेत जगणाऱ्या देशाचे मार्ग आहेत. आणि अमेरिकेतही चालकाला सामोरा येणारा बंदूकधारी दरवेळी दहशतवादी नसतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये मिनियापोलिसच्या महामार्गावर किरकोळ टकरीच्या वादातून एकाने शाळेच्या बसचालकावर समोरच्या काचेतून गोळ्या झाडल्या. बसमध्ये तेव्हा एक मूल होते. चालक वाचला. बंदूक जिथे गाडीच्या कप्प्यात सहज सापडते तिथे रस्त्यावरचे भांडणही सशस्त्र हल्ला ठरते, आणि ही गोष्ट चालकाला धडे देऊन सुटणारी नाही. बंदुकांवर बोलता येत नाही म्हणून बसचालकाशी बोलायचे, असे काहीसे त्या देशाचे झाले आहे.

आपल्याकडचे दार

भारतात बंदूक इतकी स्वस्त नाही, म्हणून हा विषय परका वाटणे स्वाभाविक आहे. तो पूर्णपणे परका नाही. २५ जानेवारी २०१८ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या सकाळी, दिल्लीच्या दिलशाद गार्डन भागात मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी शाळेची बस अडवली, चालकाच्या पायात गोळी घातली आणि पाच वर्षांच्या मुलाला उचलून नेले. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात साहिबाबाद येथे चकमकीनंतर तो सुखरूप सापडला. पुढच्याच वर्षी, १२ फेब्रुवारी २०१९ रोजी, मध्य प्रदेशातील चित्रकूट येथे तोंड बांधलेल्या शस्त्रधारींनी शाळेच्या बसमधून जुळ्या भावांना पळवले. ती दोन मुले परत आली नाहीत. त्यांचे मृतदेह यमुनेत सापडले. दोन्ही ठिकाणी खंडणी हा हेतू होता आणि दोन्ही ठिकाणी हल्लेखोरांना कोणते मूल कोणत्या बसमध्ये असते हे आधीच माहीत होते.

मुंबईकरांच्या स्मरणातही दोन तारखा असतील. २७ ऑक्टोबर २००८ रोजी कुर्ल्यात 'बेस्ट'च्या ३३२ क्रमांकाच्या बसमध्ये पिस्तूल घेऊन चढलेला तरुण पोलिसांच्या गोळीने मारला गेला. आणि ३० ऑक्टोबर २०२५ रोजी पवईतील एका स्टुडिओत १७ मुलांना ओलीस धरण्यात आले; मुलांची सुटका झाली, ओलीस धरणारा मरण पावला. यांपैकी एकही शाळेची बस नव्हती. पण गर्दीच्या महानगरात, बंद जागेत, शस्त्रधारी आणि सामान्य माणसे समोरासमोर येऊ शकतात, एवढे त्यांतून स्पष्ट होते.

आपले नियम अपघातांतून जन्मले आहेत. नोव्हेंबर १९९७ मध्ये दिल्लीच्या वजिराबाद पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळून २८ मुले दगावली आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले. चालकाला जड वाहनाचा किमान पाच वर्षांचा अनुभव, वेगावर मर्यादा, खिडक्यांना आडवे गज, प्रथमोपचार पेटी, बसमध्ये जबाबदार मदतनीस. महाराष्ट्राने २०११ मध्ये शाळेच्या बससाठी स्वतंत्र नियम केले. मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक शाळेत परिवहन समिती, तीत पालक, पोलीस आणि आरटीओचे प्रतिनिधी. मुली असतील तर बसमध्ये महिला मदतनीस. साऱ्या तरतुदींचा रोख अपघात आणि छेडछाड यांवर आहे, आणि आपल्या रस्त्यांची स्थिती पाहता तो चुकीचा म्हणता येणार नाही. मूल बसखाली येण्याची शक्यता बंदूकधारी येण्याच्या शक्यतेहून कितीतरी पटींनी अधिक आहे.

तरीही या नियमांत एक गोष्ट अशी आहे, जी अमेरिकेतल्या सर्वसाधारण बसमध्ये नाही : दुसरे मोठे माणूस. बसमधल्या 'मावशी' किंवा 'ताई'. चालक समोर पाहत असताना मागे पाहणारे, दाराशी उभे राहणारे, मुलांची नावे आणि त्यांची घरे ठाऊक असणारे डोळे. हल्ला झाला तर चालकाने गाडी सांभाळायची आणि मदतनिसाने मुले सांभाळायची, अशी कामाची वाटणी फक्त आपल्या रचनेत शक्य आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ही बाई तुटपुंज्या पगारावर, कंत्राटदाराच्या मर्जीने, आज या बसला तर उद्या त्या बसला जाते. तिच्या हाती मुलांची यादी असते, पण कोणाला फोन करायचा याचा क्रमांक नसतो. आणि व्हॅन वा रिक्षाने जाणाऱ्या मुलांसोबत तर 'काकां'शिवाय कोणीच नसते.

खिडक्यांचे गजही इथे विचारात घ्यावे लागतात. मुलांचे हात बाहेर जाऊ नयेत म्हणून ते बसवले गेले. अमेरिकी मुलांना संकटकाळी खिडकीतून बाहेर पडता येते. आपल्या मुलांना येत नाही. मग संकटकालीन दाराला महत्त्व अधिक. त्या दारासमोर दप्तरांचा ढीग, डब्यांच्या पिशव्या किंवा जादा बाक असेल तर अलाबामात जे घडले ते इथे घडणार नाही. ते दार मुलांनी स्वतःच्या हाताने एकदा तरी उघडून पाहिले आहे का, हा प्रश्न किती परिवहन समित्यांच्या बैठकीत निघतो?

चालकाच्या नोकरीचा मुद्दाही याच ठिकाणी येतो. अमेरिकेत कोविडच्या साथीनंतर शाळेच्या बसचालकांची मोठी टंचाई झाली. मार्ग एकत्र केले गेले, काही बंद पडले. चालक बदलत राहिला की मुलांशी ओळख राहत नाही. आणि ज्या ज्या प्रसंगात मुले वाचली त्यात ओळखीचा हात होता. नवख्या चालकाला अनोळखी माणूस ओळखता येत नाही, कारण त्याला सगळेच अनोळखी असतात. आपल्याकडे बहुतांश बस कंत्राटदारांच्या आहेत आणि चालक वर्षाच्या मध्येच बदलणे नेहमीचे आहे. दोन तासांचे व्याख्यान देऊन प्रमाणपत्र हाती ठेवले तरी, तो चालक दिवाळीनंतर दुसऱ्या कंत्राटावर गेला असेल, तर ते व्याख्यान त्याच्याबरोबर गेले.

महाराष्ट्रात जूनच्या मध्याला शाळा सुरू होण्याआधी, उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेच्या बसची आरटीओकडे तपासणी होते. ब्रेक, टायर, अग्निशामक, गज, वेगनियंत्रक पाहिले जातात. मागचे दार आतून एका हाताने उघडते का, चालकाला थांबा चुकवण्याची लेखी मुभा आहे का, मदतनिसाच्या फोनमध्ये शाळेचा आणि जवळच्या पोलीस ठाण्याचा क्रमांक आहे का, बसमध्ये आज नेमकी किती मुले आहेत हे शाळेला कोणत्याही क्षणी सांगता येते का, एवढ्या चार गोष्टी त्याच दिवशी, त्याच मैदानावर तपासता येतील. त्यासाठी नवा कायदा लागत नाही आणि खर्चही जवळजवळ नाही.